वैशूची घागर

धुळ्यात पाचकंदिलाजवळ घागरी आल्या. काल भाजी घ्यायला गेले तर रस्त्याच्या कडेला लाल मातीच्या घागरींची रास, तिच्यावर ओलं पोतं, आणि शेजारी डांगरांचा ढीग. बाकीचे लोक खरबूज म्हणतात, आमच्याकडे ते डांगरच. म्हणजे आखाजी आली. मी पिशवी पोटाशी धरली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालू लागले. तरी घागरवालीने हाक मारलीच, "ओ माय, घागर लई जा ना!" तिला काय सांगू? बाई, गेल्या वर्षीची एक पडून आहे घरात, तीच मला पुरून उरली आहे.

इतरांची अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. आमची आखाजी दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या पोरी त्या दिवशी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, घसा बसेस्तोवर गाणी म्हणतात. घराघरात खापरावरच्या पुरणपोळ्या, रस, सांजोऱ्या. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांना पाणी द्यायचं. नवी घागर भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, उंबरठ्यावर एकेकाचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढायचं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला याचं फार नवल वाटायचं. एकाच दिवशी, एकाच दारातून, सासरी गेलेल्या पोरी आत येतात आणि देवाघरी गेलेलेही. तेव्हा हे दोन वेगवेगळ्या लोकांबद्दल आहे असं मी समजून चालले होते.

माझी पोर वैशाखातली. म्हणून नाव वैशाली, आणि हाक वैशू. धुळ्याच्या उन्हाळ्यात बाळंतपण काय असतं ते ज्याने काढलंय त्यालाच ठाऊक. कूलरमध्ये पाणी ओतता ओतता यांच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. पण पोरगी निघाली ती उन्हाचीच. आम्ही दुपारी पडदे ओढून फरशीवर लोळायचो आणि ही बया गच्चीवर कुरडया राखायच्या निमित्ताने पुस्तक घेऊन बसायची. "काळी पडशील, मग कोण करेल तुला?" असं तिच्या आत्याने म्हटलं, की म्हणायची, "ज्याला ऊन सोसतं, तो करेल."

बँकेत लागल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर गाडी घेतली. जुनीच, पण चांगली. आणि दुसरं काम म्हणजे मला चालवायला शिकवलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, सायकलसुद्धा कधी धड चालवली नव्हती. आमचे हे आयुष्यभर एसटीत होते, हिशोब विभागात. शेकडो ड्रायव्हरांचे पगार काढले, पण स्वतः स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. देवपूरच्या मैदानावर पहाटे मी क्लच सोडायची, गाडी उडी मारायची, आणि हे मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. वैशू माझ्या शेजारी. कधी ओरडली नाही. फक्त म्हणायची, "आई, गाडीशी भांडू नकोस. ती काय बाबा आहे का?"

तेव्हापासून आमच्या जागा ठरल्या त्या ठरल्याच. मी चालवणार, शेजारी वैशू, मागे हे. लग्न होऊन चाळीसगावला गेली तेव्हा गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवून गेली. मी म्हटलं, अगं, गाडी तुझी आहे. तर म्हणाली, "मला तिथे रेल्वे आहे. तुला इथे कोण आहे?"

तिची शेवटची आखाजी. शेवटची हे आत्ता कळतं, तेव्हा काय, एक आखाजी होती. सकाळी स्टेशनवर उतरली, घरी आली, अंगणातल्या लिंबाला शेजारच्या पोरींनी बांधलेल्या झोक्यावर एक झोका घेतला आणि म्हणाली, "चला, जंगलात जाऊ."

तिची आत्या, म्हणजे माझी थोरली नणंद, आमच्याकडेच असतात. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. विधवा, देवाधर्माच्या पक्क्या, जन्म सारा खेड्यात गेलेला, त्यामुळे बोलणं अजून अहिराणीच. त्यांनी सांजोरी तळता तळता झारा खाली ठेवला. "वैशाखमा जंगलमा कोन जास व? तठे काय शे? काटा नि फुफाटा!"

"अक्का, पानं नसतात ना आता, म्हणून सगळं दिसतं," वैशू म्हणाली. "आणि पाणी एकाच ठिकाणी उरतं. सगळ्यांना तिथेच यावं लागतं."

त्या जंगलाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर लोक तिथे रील काढायला जातील. सातपुड्यातलं आहे, जळगावच्या वरचं, एवढं पुरे. पारोळा, एरंडोल, जळगाव, मग तापीचा पूल. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी केळीच केळी, आणि काचा बंद असल्या तरी आत गारवा येतो. मग केळी संपते, रस्ता वर चढतो आणि एकदम सगळा हिरवा रंग कुणीतरी पुसून काढल्यासारखा डोंगर समोर येतो. उघडाबोडका साग. खाली त्याची पानं, पापडाएवढी, चाकाखाली कुरकुर कुरकुर. मधूनच पांढऱ्या खोडाची सालई. एखादा बहावा मात्र नुसता पिवळा, लग्नघरी चुकून लवकर आलेल्या पाहुण्यासारखा. यांना ते जंगल मुळीच आवडलं नाही. "हे तर बंद पडलेलं दिसतंय," म्हणाले. वैशू इतकी हसली की तिला ठसका लागला.

आत गेल्यावर एक पाणवठा आहे. वनखात्याने केलेला, सिमेंटचा, मोठ्या बशीसारखा. उन्हाळ्यात त्यात टँकरने पाणी टाकतात. तिथून थोड्या अंतरावर झाडाच्या आडोशाला तिने गाडी लावायला लावली. एसी बंद, इंजिन बंद, बोलायचं नाही. घामाने माझा ब्लाउज पाठीला चिकटला. मी मनात म्हटलं, कर्म माझं! आखाजीच्या दिवशी रसपोळी सोडून ही तपश्चर्या.

आणि भेकर आलं. हरणाच्या जातीतलं, लहानसं, तांबूस. झाडीतून बाहेर आलं, थांबलं, परत आत गेलं. पुन्हा आलं. दोन पावलं पुढे, कान हलवत उभं, पुन्हा मागे. पाणी समोर दिसतंय, तहान तर असणारच, पण पाण्यापर्यंत यायला त्याचा जीव धजेना. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मान खाली घालून प्यायलं. मी शेजारी पाहिलं तर वैशूच्या डोळ्यांत पाणी. "काय गं?" मी ओठांनीच विचारलं. तिने मान हलवली. सासरी काही होतं का, हे मी परतताना विचारलं. तर म्हणाली, "काही नाही गं आई. पाणी पिण्याएवढी साधी गोष्ट, आणि बघ किती भ्यावं लागतं."

निघताना तिने एक आगाऊपणा केला. खाली उतरायची परवानगी नसताना उतरली, आपल्या बाटलीतलं होतं नव्हतं ते पाणी त्या बशीत ओतून आली. मी चांगली झापली तिला. "एवढ्याशा पाण्याने काय होणार आहे? आता तुला तहान लागली तर?" लागलीच. फैजपूर येईपर्यंत ओठांवरून जीभ फिरवत बसली होती. तिथे उसाच्या रसाचे दोन ग्लास एका दमात प्यायली आणि वर मिशी उमटली ती पुसली नाही. घरी येईपर्यंत तशीच होती.

भाद्रपदात गेली. डेंग्यू. मला त्याबद्दल फार लिहायचं नाही. एकच सांगते. शेवटी शेवटी पोटात रक्तस्राव होत होता, म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांचं बरोबरच असणार. पण ती पाणी मागत होती. शुद्धीत असेपर्यंत दुसरं काही मागितलंच नाही. "आई, घोटभर." मी कापसाचा बोळा ओला करून ओठांवर फिरवायची, आणि ती तो बोळा दातांनी धरायची. सलाईन चालू होतं, शरीरात पाणी जात होतं, हे सगळं मला समजतं हो. मी अडाणी नाही. पण माझी पोर तहानलेली गेली, यात कुठे काही बदल होत नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. माणूस गेलं की त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला त्याची घागर भरायची असते. अक्का म्हणतात, ती घागर भरेपर्यंत त्या जिवाला पाणी नाही. इतकी वर्षं मी हे या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. पण चैत्र लागला तशी मी दिवस मोजायला लागले. विहिणीच्या फोनची वाट पाहायला लागले. कारण आमच्याकडे नियम असा, की लग्न झालेल्या मुलीची घागर सासरी भरतात. माहेरी नाही.

फोन आला. जावयाचाच आला. पोरगा वाईट नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. वैशूच्या उशाशी माझ्याइतकाच बसला होता. पण तिशीतला मुलगा, त्याला काय जन्मभर तसाच ठेवणार होते? त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं. आणि मुहूर्त कोणता, तर साडेतीन मुहूर्तांतला, न बघता धरता येतो असा. आखाजीचा. "आई, तुम्हाला आधी माझ्या तोंडून कळावं म्हणून..." एवढंच बोलला आणि रडायला लागला. मीच त्याची समजूत घातली. मग फोन त्याच्या आईने घेतला. घागरीचं मी विचारलं, विचारायला नको होतं कदाचित. त्या म्हणाल्या, "ताई, घरात मांडव आहे. त्या दिवशी कशी भरणार घागर? तुम्हीच सांगा. पण नव्या सुनेच्या गळ्यात वैशालीच्या नावाची सोन्याची पुतळी घालणार आहोत. मान ठेवणार आहोत तिचा."

घाला, म्हटलं. सवतीची पुतळी गळ्यात चालते, तिचं पाणी घरात चालत नाही. मोठ्याने नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर भिंतीला म्हटलं.

मग मी अक्कांकडे गेले. म्हटलं, आपण भरू. अक्का वाती वळत होत्या. वैशूला त्यांनीच वाढवलं, मी शिकवण्या घ्यायला जायची तेव्हा. तिच्यावर माझ्याइतकाच त्यांचा हक्क होता. पण त्यांनी मान वर केली नाही. "आंडेरनी घागर तिना सासरमा भरतस. माहेरमा नही." आंडेर म्हणजे लेक. "आपीन भरी तर तिले पोचाव नही. रीत शे."

"आणि सासरी नाही भरली तर?"

अक्कांनी वात वळली, ठेवली, दुसरी घेतली. रीत करणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. सासर आहे, माहेर आहे, यांच्यामध्ये एक पोर तहानलेली उभी राहू शकते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

तेव्हा मला त्या सिमेंटच्या बशीची आठवण झाली. ती कुणाचं सासर नव्हती, कुणाचं माहेर नव्हती. तिथे तिने स्वतःच्या हाताने पाणी ओतलं होतं. यांना सांगितलं तर यांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "सकाळी लवकर निघू. ऊन फार होतं."

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी घागर आणली, अक्कांना दिसू नये म्हणून पलंगाखाली ठेवली. सकाळी उठून भरली. डांगर ठेवलं, चार सांजोऱ्या कागदात बांधल्या, कुंकवाची डबी घेतली. आता गाडीत ठेवायची कुठे? मागे हे बसणार, त्यांच्या मांडीवर लवंडली असती. म्हणून पुढच्या सीटवर ठेवली. माझ्या शेजारी. मी किल्ली फिरवली आणि गाडी ओरडायला लागली. टीं टीं टीं. मला कळेचना काय बिघडलं.

मागून हे म्हणाले, "पट्टा. शेजारी कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते ती."

सीटला वजन कळतं, माणूस की मडकं ते कळत नाही. मी वाकले, पट्टा ओढला, घागरीच्या पोटावरून घेऊन खटकन लावला. गाडी गप्प झाली. आणि मला लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

निघालो तर अक्का ओट्यावर उभ्या. त्यांना घागर दिसली. हात हलवून काहीतरी मोठ्याने ओरडल्या, पण काचा बंद होत्या. शिव्याच देत असणार, असं धरून मी गिअर टाकला. आरशात बराच वेळ त्या तशाच हात हलवत होत्या.

पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर मांडवच मांडव. बँडवाले घामाने थबथबलेले, नवरदेव घोड्यावर, डोळ्यांवर काळा चष्मा. प्रत्येक नवरदेवाकडे मी पाहत होते, जसा काही तो चाळीसगावहून चुकून इकडे येणार होता. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा सहज घागरीला हात लावला, तर ती चिंब. घाम फुटल्यासारखी सगळी बाहेरून ओली, आणि खाली सीटचं कापड काळं झालेलं. पाणी झिरपत होतं.

नवी घागर आधी दिवसभर पाण्यात भिजत घालायची असते. कोरी माती पाणी पिते, तिला प्यायला द्यायचं, मग भरायची. खानदेशातली शेंबडी पोरसुद्धा हे जाणते. मी मात्र पलंगाखाली लपवण्याच्या नादात विसरले. अक्का ओट्यावरून ओरडत होत्या ते हे. घागर भिजवलीस का, एवढंच विचारत होत्या बिचाऱ्या. आम्ही टॉवेल काढला, टपरीवरून पाणी घेऊन तो ओला केला, घागरीला गुंडाळला. वरून टपरीचं पाणी घालू का, असं हे म्हणाले. मी नको म्हटलं. घरचं पाणी होतं ते. जेवढं पोचेल तेवढं पोचेल.

पुढचा सगळा रस्ता मी गाडी नाही चालवली, घागर चालवली. खड्डा आला की गाडी बैलगाडीच्या वेगाने. मागून हे मधूनमधून विचारायचे, "किती आहे?" आणि मी एका हाताने तिला वाजवून पाहायची. आवाज दर वेळी जरा पोकळ यायचा.

नाक्यावर वनखात्याची मुलगी होती, खाकी कपड्यांतली. वैशूपेक्षा लहान असेल. तिने नेहमीसारखं विचारलं, प्लास्टिक आहे का, काडेपेटी आहे का. मग तिचं लक्ष पुढच्या सीटकडे गेलं. पट्टा लावलेली, टॉवेल गुंडाळलेली घागर. आखाजीच्या दिवशी. ती इथलीच होती, तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

"कोणाची?" एवढंच विचारलं.

"पोरीची."

तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "मावशी, डांगर आणि खाण्याचं इथेच ठेवा. अस्वल येतं वासाने. आणि घागर तिथे सोडायची नाही. फुटली तर खापऱ्या जनावरांच्या पायात जातात. आत नेलेलं सगळं बाहेर आलं पाहिजे." पुढे म्हणाली, "पण पाणवठ्यात पाणी नाही आता. टँकर आलेला नाही. जायचंय तरी?"

"जायचंय," मागून हे म्हणाले. मी चमकून आरशात पाहिलं. एवढ्या ठाम आवाजात हे कधी बोललेले मला आठवत नाहीत.

तेच जंगल, आणि ते नव्हे. मागच्या खेपेला जिथे साग होता त्या उतारावर नुसते बुंधे. एक बाजू जळून काळी पडलेली. बहावा मला कुठे दिसला नाही, की माझ्याच डोळ्यांना पिवळं दिसायचं बंद झालं होतं, देव जाणे. पाणवठा तर ओळखूच आला नाही. बशीच्या तळाला चिखल वाळून त्याचे पोपडे उठले होते, आणि त्या पोपड्यांत पावलांच्या खुणा. लहान, मोठ्या, नख्यांच्या, खुरांच्या. सगळी जनावरं येऊन गेली होती. येऊन, पाहून, परत गेली होती.

आम्ही दोघांनी घागर उतरवली. अर्धीसुद्धा उरली नव्हती. तिथे उंबरठा कुठला? मी बशीच्या काठावरच कुंकवाचं बोट ओढलं आणि नाव घेतलं. वैशाली. पुढे कुणाचं आडनाव लावायचं ते मला सुचेना, म्हणून नुसतंच वैशाली. यांनी खालून धरली, मी वरून, आणि घागर तिरकी केली. पाणी सिमेंटवरून घरंगळलं, एका भेगेपाशी गेलं, आणि गेलं. थांबलंसुद्धा नाही. एक काळा डाग पडला, आणि बघता बघता तोही कडेने आकसायला लागला.

"अजून आहे बघ तळाला थोडं," हे म्हणाले. पूर्ण उलटी केली. चार थेंब पडले.

मग गाडीत जाऊन बसलो. इंजिन बंद, बोलायचं नाही, तिने शिकवलं होतं तसं. मी वाट पाहत होते. कशाची ते तुम्ही ओळखलंच असेल. शहाणीसुरती बाई मी, पण त्या झाडीवरून नजर काढत नव्हते. एक भेकर यावं. भेकर नाही तर पाखरू तरी यावं, त्या ओलीत चोच बुडवावी. म्हणजे मला घरी जाता येईल. एक गांधीलमाशी आली. डागावर बसली, जरा फिरली आणि उडून गेली. तेवढ्यात तो वाळलाही होता.

लोक म्हणतात, विधी केला की मन मोकळं होतं. मलाही म्हणाले होते. ज्यांचं होतं त्यांचं होवो बापडं. मला तिथे बसून फक्त एवढंच कळलं, की पाणी पोचलेलं नाही आणि आता पोचवायला दुसरी जागाही उरलेली नाही. सासर संपलं, माहेर चालत नाही, जंगल कोरडं. माझ्या पोरीला मी जिवंतपणी घोटभर पाणी देऊ शकले नाही आणि मेल्यावरही नाही. वर्ष झालं त्याला. यंदा चाळीसगावला तिची घागर भरतील की नाही, हे विचारायचा धीर मला नाही. नव्या सुनेला दिवस गेलेत, असं कानावर आलं आहे. म्हणजे यंदाही काहीतरी शुभच असणार घरात.

नाक्यावर घागर दाखवायची होती, म्हणून ती परत पुढच्या सीटवर ठेवली, होती तिथेच. टॉवेल वाळून कडक झाला होता. मी किल्ली फिरवली. पट्ट्याकडे हात नेला आणि तसाच धरून थांबले.

गाडी वाजली नाही.

मी थांबून राहिले. सकाळी वाजायला वेळ लागला नव्हता. मागच्या सीटवर हेही पुढे सरकून बसले होते, त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"वाजत नाही का गं?"

"नाही."

"एकदा बंद करून परत सुरू कर."

मी बंद केली. परत सुरू केली. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू आली. शेजारी कुणी बसलेलंच नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. तरी मी पट्टा ओढला, रिकाम्या घागरीवरून नेऊन लावला, आणि आम्ही दोघं घरी आलो.